कोंडीराम परब आणि डायनासोरचं मनगट

लालबागच्या कोंडीराम परबांनी उभी हयात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात लॅब अटेंडंट म्हणून काढली. शिक्षण दहावी नापास; पण कबुतराचा असो की सशाचा, सांगाडा तारेत ओवून उभा करावा तर त्यांनीच. निवृत्त झाल्यापासून मात्र माणूस दुपारभर नुसता खिडकीशी बसून असायचा.

त्यांची मुलगी अनुजा परळला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. एका रविवारी ती लॅपटॉपवर व्हेलोसिरॅप्टर नावाचा डायनासोर चालवून बघत होती. कोंडीराम मागे येऊन थबकले.

"अगो, ह्याचे हात कोणी मोडले?"

"बाबा, गेममध्ये असेच दाखवतात. तळवे खाली."

"हा पाखरांच्या गोतातला ना? मग तळवे समोरासमोर हवेत, टाळी वाजवताना असतात तसे."

अनुजाने शोधनिबंध चाळले. बाबांचं बरोबर होतं. वर ह्या प्राण्याच्या हाडांवर पिसांच्या खुणाही सापडल्या होत्या, आणि तिचा प्राणी सरड्यासारखा बोडका!

तिचा वरिष्ठ सौमित्र हसला. "पिसं लावली तर कोंबडी दिसेल. घाबरणार कोण?"

"एकदा बाबांशी बोल," ती म्हणाली.

कोंडीराम इस्त्रीचा शर्ट घालून, डब्यात कोंबडीचा उकडलेला पंख घेऊन जुन्या गिरणीच्या जागेवरच्या कंपनीच्या टॉवरात गेले. इंग्रजी बोलणारी पोरं बघून आधी ते दाराशीच घुटमळले. पंख हातात घेतला तसा धीर आला.

"साहेब, हे मनगट दुमडा."

सौमित्रने दुमडलं. ते आडवं अलगद मिटलं.

"आता खाली वाकवा."

कट्!

"मोडलं," सौमित्र ओशाळला.

"तुमच्या डायनासोरचं तसंच मोडलंय. आणि घारीला पिसं असतात, म्हणून उंदीर तिला हसतो काय?"

खोलीत हशा पिकला. पण मनगट सुधारलं, पिसंही आली. खरा प्राणी टर्की पक्ष्याएवढाच होता, तरी सौमित्रने गेममधला माणसाएवढाच ठेवला. "तेवढं खोटं चालू द्या, काका." कोंडीराम दोन दिवस धुसफुसत होते.

आता कंपनी त्यांना दर गुरुवारी बोलावते. परवा नव्या गेममधल्या, हिमयुगातल्या सुळेवाल्या वाघाच्या मागच्या पायावरून वाद झाला.

"उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, टाच!" घरी येऊन ते अनुजाच्या आईला सांगत होते. "कितीदा सांगितलं!"

"मग ऐकलं का त्यांनी?"

"ऐकतायत कसले! उद्या बाजारात गेलीस की बकऱ्याचा एक अख्खा मागचा पाय आण."