डाकारहून संध्याकाळपर्यंत

मी व्यवहार करणारा माणूस. समोरच्याचा शब्दसुद्धा दोनदा घासून घेतो, मग भुताखेतांवर कुठला विश्वास ठेवणार? तरी हे लिहितोय, कारण हा एकच हिशेब मला लागलेला नाही…

तेव्हा मी टोकियोत ओजिमाला राहायचो. पुण्याहून इंजिनिअर आणून कावासाकीच्या एका कंपनीला पुरवायचो. माझे वडील, अण्णा, ताईकडे आफ्रिकेत दार-ए-सलामला होते. धाकटा भाऊ सुहास नोकरीसाठी आफ्रिकेतच, डाकारला. त्याला शिकवलं मी, पण अण्णांच्या तोंडी सतत सुहास. हे मला डाचायचं. खोटं कशाला बोलू, अजून डाचतं.

एक दिवस मी ऑफिसात असताना ताईचा फोन आला. तिकडे जेमतेम उजाडत होतं. अण्णा सीरियस आहेत, दोघंही निघा, म्हणाली. माझं त्या दुपारी कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल. समोर भिंतीवर जगाचा नकाशा होता — जपान्यांचा, म्हणजे जपान मधोमध आणि आफ्रिका पार डाव्या कडेला. डाकार ते दार-ए-सलाम, जेमतेम दोन बोटं. सुहासला झोपेतून उठवून झापलं, "तू शेजारी बसलायस आणि मी इथून धावू?"

"दादा, शेजारी नाही रे ते…"

मी फोन आपटला. मग अण्णांना फोन करून सांगितलं, सुहास संध्याकाळपर्यंत येतोय.

मला सर्दी झाली होती. मीटिंगला जाताना ऑफिसातल्या तनाका-साननी मास्क पुढे केला. इथे शिंकणाऱ्याने तो लावायचाच. मी आयुष्यात पहिल्यांदा लावला. रिन्यूअल माझ्याच अटींवर झालं. परतताना ट्रेनमध्ये मास्क तसाच ठेवून डोळे मिटले. तिकडे तेव्हा दुपार.

अण्णा त्याच संध्याकाळी गेले. सुहास दोन दिवसांनी पोचला, मी त्याच्याही नंतर. थेट विमानच नव्हतं. त्याला युरोपात वर जाऊन पुन्हा खाली यावं लागलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "तुला टोकियोहून मुंबई जेवढी लांब, तेवढंच मला हे."

मग ताई म्हणाली, अण्णा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. "पण दुपारी म्हणाले, थोरला येऊन गेला."

"मी? सुहास म्हणाले असतील."

"थोरलाच म्हणाले. तोंडाला पांढरं फडकं बांधून उभा होता म्हणे. काढ म्हटलं तर काढेना. मला विचारत होते, माझ्यापासून तोंड लपवण्यासारखं काय केलं गं त्याने?"

मास्कचं मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. तापात काहीही दिसतं, असं लोक म्हणतात. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण नेमकं तेच का दिसावं?

सर्दी झाली की तनाका-सान अजून मास्क पुढे करतात. मी घेत नाही. ते नाराज होतात, आणि मला त्यांना कारण सांगता येत नाही.