मंगळवारी भरलेली फी

मुलीच्या विद्यापीठाची फी भरायची शेवटची तारीख सोमवारी होती आणि मी ती मंगळवारी भरली.

पैसे नव्हते म्हणून नाही. पैसे उन्हाळ्यापासून बाजूला काढून ठेवले होते. मी आजारी नव्हतो, गावालाही गेलो नव्हतो. माझी अडचण एकच, मी उज्जैनचा आहे.

बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे सावनात दर सोमवारी महाकालाची सवारी निघते. राजा पालखीत बसून प्रजेची खबर घ्यायला निघाल्यावर प्रजेनं शाळेत बसणं बरं दिसत नाही, म्हणून शाळांना सोमवारी सुट्टी आणि त्याच्या बदल्यात रविवारी शाळा. मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवतो. हे वेळापत्रक माझ्या अंगात इतकं मुरलं आहे, की सावनातला सोमवार उजाडला की सकाळी दहालाच मला जांभया येतात. त्यात आमचं मराठी घर. हिंदीवाल्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, आमचा श्रावण पंधरा दिवस मागून येतो, आणि सवारी दोघांचंही मन राखते. त्यामुळे उज्जैनच्या मराठी माणसाला सोमवार जरा जास्तच मिळतात. ते त्याला पचत नाहीत, हे माझ्या उदाहरणावरून दिसेल.

मुलगी पुण्याला अर्थशास्त्र शिकत होती. दुसरं वर्ष सुरू होत होतं, आणि त्या वर्षी नद्या आणि त्यांच्या काठची गावं असा एक ऐच्छिक विषय होता. त्या विषयासाठीच तिनं ते विद्यापीठ निवडलं होतं. वर्गात बसून शिकवणं कमी आणि नदीकाठी नेऊन शिकवणं जास्त. जागा थोड्या, शिकवणाऱ्या बाई त्या वर्षानंतर निवृत्त होणार होत्या. मुलीला आपल्या क्षिप्रेवर लिहायचं होतं. लहानपणी राम घाटावर तिनं मला विचारलं होतं, की आपल्या नदीत नर्मदेचं पाणी पाइपानं आणून सोडतात, तर मग आपली नदी कुठे गेली? मी तेव्हा तिला भुट्टा घेऊन दिला होता. उत्तर तिला या विषयात मिळणार होतं.

"बाबा, तुम्ही पैसे माझ्या खात्यात टाका, मी इथून भरते," असं ती सुट्टी संपवून निघताना म्हणाली होती. देवास गेटला बसच्या खिडकीतून म्हणाली होती, म्हणजे ऐकू आलं नाही असंही मला म्हणता येणार नाही.

"फी बापानं भरायची असते," मी म्हणालो होतो.

यात मोठा बाणा वगैरे काही नव्हता. मला तो सोहळा आवडायचा. ओटीपी माझ्या फोनवर यावा, मी चष्मा वर करून तो मोठ्यानं वाचावा, बायकोनं आतून "झालं का?" विचारावं आणि मी "झालं" म्हणावं, मग चहा. वर्षातून दोनदा मी घरातला कर्ता पुरुष असायचो. बाकी वेळ मी कोथिंबीर आणायचो.

आणि हा सोहळा शेवटच्या तारखेलाच करायचा, ही माझी जुनी खोड. विजेचं बिल, घरपट्टी, गॅस, काहीही असो. शेवटची तारीख हीच तारीख, तिच्या आधीच्या सगळ्या नुसत्या सूचना, असं मी मानत आलो. आमच्या स्टाफरूममध्ये हे तत्त्वज्ञान म्हणून चालायचं. "सर, हो जाएगा, सावन में कौन भागता है," असं म्हणणारे सहकारी असले की कुठलाही आळस तत्त्वज्ञान होतो.

रविवारी संध्याकाळी मी शाळेतून आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, फीचं आज करून टाका."

"आज थकलोय."

"मग उद्या सकाळी उठल्या उठल्या."

"उद्या सुट्टी आहे. देय तारीख सुट्टीच्या दिवशी आली की ती सरकते. हुंडीच्या धड्यात आहे. मी स्वतः शिकवतो."

"तुम्ही शिकवता मुलांना. विद्यापीठाला कुणी शिकवलंय?"

यावर मी हसलो. अडाण्याकडे पाहून शिकलेला माणूस हसतो तसा हसलो. बायको एमएस्सी आहे, हे सांगून टाकलेलं बरं.

सोमवारी आम्ही दोघं सवारीला गेलो. फोन दोघांचेही घरी. गर्दीत एकदा माझा खिसा कापला गेला होता, तेव्हापासूनचा तो घरचा नियम. माधव नगरहून चालत गेलो, राम घाटाच्या अलीकडे उभे राहिलो, पालखी आली तेव्हा हात जोडले. मुलीच्या मनासारखं होऊ दे, असंच मी मागितलं. देवाला तेव्हा माझ्याबद्दल काय वाटलं असेल कुणास ठाऊक. त्यानं मला फक्त एवढंच विचारायला हवं होतं, की मग तू इथे काय करतोयस?

परत आलो तेव्हा फ्रिजवर चार्जिंगला लावलेला फोन मुलीच्या मिस्ड कॉलनी भरला होता. मी उलट फोन केला.

"बाबा, फी भरली?"

"उद्या भरतो ना. आज सुट्टी आहे."

"कसली सुट्टी?"

"अगं, सवारी."

तिच्या मागे होस्टेलमध्ये कुणीतरी हसत होतं, बादली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सहा वाजता बंद झालं बाबा."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी भरली. संकेतस्थळावर फीच्या खाली विलंब शुल्काची एक नवी ओळ आली होती, तीही भरली, आणि खरं सांगतो, मला मोकळं वाटलं. आमच्या वीज कार्यालयात दंड भरला की पाप धुतलं जातं, बाबू वर पाणीही विचारतो. मी मुलीला पावती पाठवली आणि खाली अंगठा. त्या अंगठ्याची मला अजून लाज वाटते.

कारण विषय निवडायची नोंदणी मंगळवारी सकाळीच उघडली होती, सोमवारपर्यंत फी भरलेल्यांसाठी. माझे पैसे त्यांच्या हिशेबात दिसेपर्यंत दोन दिवस जाणार होते. तोवर तिच्या नावापुढे कुलूप. मी त्यांच्या फी विभागाला फोन लावला. एका मुलीनं उचलला, आवाज फार सभ्य होता.

मी सगळं सांगितलं. सावन, सोमवार, सवारी, रविवारची शाळा. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"काका, पण आमच्याकडे अजून आषाढच चालू आहे," ती शेवटी म्हणाली.

हे मला, एका मराठी माणसाला, पुण्याहून कुणीतरी सांगावं लागलं. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत होतं. त्यातही आषाढच होता.

कुलूप उघडलं तेव्हा त्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. ज्यात जागा होत्या असा एक विषय तिला मिळाला, कार्यालयीन पत्रव्यवहार. मी म्हणालो, थांब, मी अर्ज करतो. मग मी अर्ज केला. "सविनय निवेदन" पासून "आपला कृपाभिलाषी" पर्यंत तीन पानं, त्यात उज्जैनची परंपरा, माझी इतक्या वर्षांची नोकरी आणि बाईंच्या निवृत्तीबद्दल दोन भावपूर्ण वाक्यं. मुलीला म्हणालो, उत्तर येईपर्यंत तो पत्रव्यवहाराचा विषय धरून ठेव, उत्तर आलं की सोड. तिनं विचारलं, "बाबा, विषय सोडायची पण मुदत असते, बघू का?" मी म्हणालो, "अर्ज विचाराधीन असताना मुदत कशी संपेल?"

संपली. उत्तर दोन ओळींचं आलं, नकाराचं, आणि विषय दंडाशिवाय सोडायची तारीख उलटून गेल्यावर आलं. मला राग आला. माझ्या रागाला आजवर कधी काही किंमत नव्हती, या वेळी होती. मी म्हणालो, "सोडून दे तो विषय, होऊ दे दंड." तिनं ऐकलं. अजूनही ती माझं का ऐकत होती, हे मला कळत नाही. दंड गेला तो गेलाच, गुणपत्रिकेत विषय सोडल्याची नोंद आली, आणि ती उणीव भरायला उन्हाळ्यात एक जादा विषय घ्यावा लागणार असं ठरलं. म्हणजे पुढच्या मे महिन्यात ती घरी नाही.

पैशाचं दुःख माझं करून झालं. ते लवकर संपतं. बाई मात्र मुलांना घेऊन मुळा-मुठेच्या काठी जात राहिल्या. होस्टेलच्या तिच्या खोलीतली मुलगी त्यांच्या वर्गात होती, ती चिखलाचे बूट घेऊन परत यायची. माझ्या मुलीनं हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिनं फक्त म्हटलं, खोलीत चिखल फार होतो.

दिवाळीला ती आली. भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघं राम घाटावर गेलो. पाणी संथ होतं, कडेला दिवे आणि पानांचे द्रोण साचले होते. ती पायरीवर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. पुढच्या सत्राची फी ती स्वतः भरणार, मी फक्त पैसे तिच्या खात्यात टाकायचे, हे येताना रिक्षात ठरलं होतं. तिनं ठरवलं होतं आणि मी मान हलवली होती.

मी म्हणालो, "तू बाईंना भेटून ये ना. वर्ग नाही तर नाही, नुसतं क्षिप्रेबद्दल विचार."

"भेटले. म्हणाल्या, पुढच्या वर्षी घे."

"मग?"

"पुढच्या वर्षी त्या नाहीत बाबा. त्यांच्या ते लक्षात नव्हतं. मी पण आठवण करून दिली नाही."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. क्षमा मागायची, एवढं सोपं होतं. पण माझ्यातला मास्तर मरता मरत नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "चूक माझीच. पण तत्त्व म्हणून माझं अगदीच चुकलं नव्हतं. देय तारीख सुट्टीला आली की सरकते, हा नियम आहेच."

अकरावीत ती माझ्याच वर्गात होती. शाळेत मला सर म्हणायची, फाटकाबाहेर आलं की बाबा. घाटाच्या पायरीवर तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "सुट्टी आली तर हुंडी आदल्या दिवशी भरायची असते. पेपरात 'दुसऱ्या दिवशी' असं लिहिणाऱ्याला तुम्ही शून्य द्यायचात."