सीडीतला दुसरा दयाळ

बाबा तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत रात्रपाळीला होते. सकाळी खरवईच्या घरी येऊन आडवे झाले, की खिडकीबाहेर एक पक्षी गाऊ लागायचा. झोप होतच नव्हती. कामावर ॲसिडच्या टाक्या त्यांच्याकडे होत्या. तिथे डुलकी लागली तर काय, हे घरात कुणी बोलत नसे.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून पक्ष्याचंही मलाच कळणार, असं आई धरून चालायची. लायब्ररीतल्या पुस्तकात चित्र सापडलं. काळा-पांढरा, शेपटी उभी. दयाळ. त्याच्याबरोबरचा राखाडी पक्षी मला दुसऱ्याच जातीचा वाटला होता. ती मादी निघाली.

"नाव दयाळ, आणि दया काडीची नाही," बाबा म्हणाले. "घालव रे त्याला."

आमच्याकडे कबुतरं येऊ नयेत म्हणून ग्रिलला जुन्या सीडी बांधतात. मीही बांधल्या. दुसऱ्या दिवशी गाणं उलट वाढलं. तो सीडीवर झेपावायचा, चोच मारायचा आणि ग्रिलवर बसून पुन्हा गायचा.

"हेच शिकवतात होय कॉलेजात?" आई म्हणाली.

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना विचारायचा धीर लवकर झाला नाही. विचारलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "वीण चालू आहे. जवळच घरटं असणार. नर आपली जागा राखायला गातो. सीडीत त्याला दुसरा नर दिसतोय."

घरी येऊन मी आधी सीडी सोडल्या. घरटं आमच्याच भिंतीत होतं, पाइपासाठी पाडलेल्या भोकात. आत पिल्लं होती. बाबांना अडखळतच सगळं सांगितलं. मूठभर सिमेंटने भोक बुजलं असतं. बाबांनी वाकून भोकात पाहिलं.

"पिल्लं कधी उडतील?"

"दोनेक आठवडे. नक्की नाही सांगता येणार."

"आणि हे गाणं?"

"ते... पावसाळ्यातही थोडे दिवस चालेल बहुतेक."

त्यांनी चटई उचलली आणि मागच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरली. आईने स्टोव्ह बाहेर गॅलरीत नेला. शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात लावला. दयाळ गातच होता. आत आवाज जरा कमी पोचत होता.

दुपार झाली तरी बाबा उठले नव्हते. आई दारात उभी राहून त्यांचा श्वास ऐकत होती.

"जेवायला उठवू का रे?" तिने हळूच विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो.