भाड्याची वर्दी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नव्हतं. मंडळात इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर ऊठबस आहे, त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? भिवंडीचे असाल तर एखाद्या कार्यक्रमात मला माईकवर बोलताना पाहिलंही असेल. पाहिलं असेल तर माझ्याबद्दल तुमचं मत चांगलंच असणार. तेच तर मला सहन होत नाही.

आधी मी कोण ते सांगते. माझे वडील निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर होते, आई दवाखान्यात झाडलोट करायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, आणि त्याचा मला गर्व होता — अजून आहे, खोटं कशाला बोलू? राहनाळला एका गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली. त्याच सुमारास गावातल्या काही वडीलधाऱ्यांनी इतिहास जतन करण्यासाठी एक मंडळ काढलं होतं. जुने फोटो गोळा करायचे, शेताच्या बांधावर आडवा पडलेला कोरीव दगड धुऊन नीट उभा करायचा, आसपासच्या गावांतले जे फौजेत होते त्यांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं. मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता यायचं. आधी टायपिंगला बोलावलं, मग सचिव केलं. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘बी.कॉम.’ छापा, असं मीच अध्यक्षांना सांगितलं होतं.

मग मंडळाने माजी सैनिकांचा जाहीर सत्कार ठरवला. नावं मागवली. मी धाकूआप्पांचं नाव दिलं.

आप्पा आमच्याच वस्तीतले, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायचे. तरुणपणी फौजेत होते — बंदुकीवर नव्हे, खेचरांवर. डोंगरातल्या ज्या चौक्यांना रस्ता नव्हता, तिथे पीठ, रॉकेल, दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जायचा. ती खेचरं वर चढवायची, हे आप्पांचं काम. आई आजारी पडली म्हणून नोकरी पुरी व्हायच्या आत नाव काढून घरी आले, त्यामुळे पेन्शन बसली नाही. त्यांना वर्दीत गल्लीत शिरताना माझ्या वडिलांनी लहानपणी पाहिलं होतं. वडील असेपर्यंत ते सांगायचे. आप्पांना दोन पदकं मिळाली होती. ती आणि सगळे कागद ज्या पेटीत होते, ती पेटी कामवारी नदीच्या पुरात गेली. हे सांगतानाही म्हातारा हसायचा. “एवढी खेचरं दरीत पडू दिली न्हाईत, बाय. आन् घरातली पेटी ग्येली.”

बाकीचे सत्कारमूर्ती कोट घालून येणार होते, छातीवर आपापली पदकं लावून. आप्पांकडे एक पांढरा शर्ट होता, इस्त्रीचा. व्यासपीठावर आमच्या वस्तीतलं एकच माणूस बसणार आणि तेच इतरांपेक्षा उणं दिसणार — मला ते बघवेना. त्यांना काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं.

म्हणून मी धामणकर नाक्याला गेले. तिथे शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारं एक दुकान होतं. बाल शिवाजी, परी, वकील, नवरदेव — सगळे एका दोरीवर टांगलेले. मी फौजी मागितला, मोठा.

“है ना, मॅडम. मेडल साथ में आते हैं, उसका अलग नहीं लगेगा.”

कुणालाही न सांगता ती पिशवी घेऊन मी हॉलवर गेले. मागच्या खोलीत आप्पांना बोलावलं, दार लोटलं. त्यांनी वर्दी हातात घेतली, कापड चोळून पाहिलं. मग ती पत्र्याची पदकं पाहिली आणि पिशवी माझ्याकडे परत सरकवली.

“हे माजं न्हाय. दुसऱ्याचं छातीवर लावत न्हाईत, पोरी.”

“आप्पा, फोटोपुरतं. कुणाला काय कळतंय?”

“भायेर फौजीच बसलेत ना?”

तेव्हा मी काय म्हटलं, ते शब्द न् शब्द सांगते. म्हटलं, “मी शिकलेली आहे ना, आप्पा? काय चालतं, काय नाही, ते मला कळतं.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अस्तनीत हात घातला. पदकं मी लावली. पिना बोथट होत्या, कापडात लवकर शिरत नव्हत्या. शेवटची लावताना माझ्या बोटाला टोचली. खोलीत आम्ही दोघंच होतो — हे लक्षात ठेवा.

कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे म्हणून जवळच्याच गावचे एक निवृत्त सुभेदार आले होते. उंच, ताठ, बोलणं तुटक. सत्कारमूर्तींच्या रांगेतून एकेकाशी हात मिळवत ते येत होते आणि मी माईकवर एकेकाची ओळख वाचत होते. आप्पांपाशी ते आले. हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. नजर आप्पांच्या छातीवर.

“हे कुठं मिळालं तुम्हाला?”

त्या पत्र्याच्या तुकड्यांतल्या एकाची फीत शौर्यपदकाच्या फितीसारखी होती. मला काय ठाऊक? मी रंग बघून चांगलं दिसेल तसं लावलं होतं. आप्पांनी मान खाली घालून छातीकडे पाहिलं.

सुभेदारांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने. कोणत्या पलटणीत होतात, कुठल्या लढाईत मिळालं? आप्पा म्हणाले, खेचरांवर होतो. मागून कुणीतरी हसलं. “खेचरांना पण देतात का काय मेडल?” त्यावर आणखी हसू फुटलं आणि मग ते हसू बदललं. “नकली फौजी! उतरवा खाली!” “अरे, पोलिसात द्या त्याला!” पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, त्यांचा मुलगा सीमेवर गेला होता. त्या उठल्या आणि हॉलमधून निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग खुर्च्या सरकल्याचे आवाज.

तेव्हा आप्पांनी हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“या बायनं आनलंय. तिनंच लावलं. मी नको म्हनत व्हतो.”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. सुभेदारांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही आणलं हे?”

काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. हो म्हणायचं — एक अक्षर. फार तर काय झालं असतं? सचिवपद गेलं असतं. चार लोक म्हणाले असते, शिकली पण अक्कल नाही. एवढंच ना?

माईक चालू होता. मी म्हटलं, “नाही साहेब. आप्पांचं वय झालंय. त्यांना आताशा काही आठवत नाही.”

माझा आवाज शांत होता. त्यात दया होती. बाहेर रस्त्यावर लावलेल्या भोंग्यातूनही तो गेला असेल.

आणि लोक निवळले! चोर नाही, म्हातारचळ आहे — मग राग कसला धरायचा? सुभेदारांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, “बाबा, काढा ते.” आप्पा छाती चाचपू लागले, पिन सापडेना. तेव्हा मीच पुढे झाले आणि एकेक काढलं. माझी बोटं पटापट चालली. कुठली पिन कुठे टोचलीय ते मला ठाऊक होतं ना. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, इतक्या जवळून की त्यांचा श्वास लागत होता. मी वर पाहिलं नाही.

कार्यक्रमानंतर अध्यक्ष म्हणाले, “सचिव बाईंनी म्हाताऱ्याची अब्रू सांभाळून घेतली.” कुणीतरी मला चहा आणून दिला. मी प्यायले.

आप्पा मागच्या खोलीत वर्दी खुर्चीवर ठेवून, आपला शर्ट घालून निघून गेले होते. मी ती घडी करून पिशवीत भरली आणि दुकानात परत केली. “प्रोग्राम अच्छा हुआ?” दुकानदाराने विचारलं. अच्छा हुआ, म्हटलं. त्याच्याकडे कुणी चौकशीला गेलं नाही. मला विचारलं होतं, तेवढं पुरे होतं.

आप्पांच्या घरी मात्र एक अडचण होती — त्यांची सून, रंजना वहिनी. दुसऱ्या दिवशी नळावर भेटल्या. “घरनं तर पांढरा शर्ट घालून ग्येलते ना गं?” त्यांना खरंच कोडं पडलं होतं. मी म्हटलं, पिशवीत घेऊन आले असतील. वहिनींनी भरलेला हंडा उचलला. त्यांच्या दोन्ही मुलांचा मी फुकट अभ्यास घ्यायचे. सासऱ्यावर विश्वास ठेवायचा की मुलांच्या बाईवर?

मंडळाच्या प्रदर्शनात आप्पांचा एक फलक होता, मीच लिहिलेला. तो काढला. ‘आधार नाही’ असं ठरलं. सुभेदार म्हणाले होते, सैन्याच्या कचेरीला पत्र लिहून यांची नोंद मागवा, खरं-खोटं होऊन जाईल. पत्र लिहायचं काम सचिवाचं. मी लिहिलं नाही. नोंद सापडेल याची मला खात्री होती, म्हणूनच लिहिलं नाही.

आप्पांनी सुरुवातीला माझा सूड घेतला, त्यांच्या पद्धतीने. कुणी काही विचारलं की म्हणायचे, “मना आठवत न्हाय. त्या बी.कॉम.वाल्या बायला इचारा.” विहारात कुणी विचारलं, आप्पा, जेवलात का? “त्या बायला इचारा.” नातवंडं किती? “त्या बायला इचारा, ती शिकलेली हाय.” मी समोरून जात असले की जरा मोठ्याने. तो टोमणा होता, माझ्या तोंडावर मारलेला. पण ऐकणाऱ्यांना तो टोमणा वाटलाच नाही. ते एकमेकांकडे बघायचे, डोक्यापाशी बोट फिरवायचे. बघा, नातवंडं किती तेही सांगता येत नाही! आप्पा जितकं चिडून बोलत, तितकं माझं खोटं खरं ठरत गेलं. हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं.

इथपर्यंत सांगून मी थांबले असते, तर तुम्ही म्हणाला असता — घाबरली पोरगी, भर सभेत तोंडून निघून गेलं. होतं असं माणसाचं. पण मी जे सांगायला बसलेय, ते हे नव्हे. ते पुढे आहे.

माझं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला मी त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ. वहिनी बाजारात गेल्या होत्या, घरात आप्पा एकटेच खाटेवर पडलेले. पत्रिका उशाशी ठेवून मी निघणार, तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतले लूम थांबले. आमच्याकडे लूमचा आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की तो थांबला की कान दुखतात. त्या शांततेत आप्पा उठून बसले. मला वाटलं, आता शिव्या देणार. द्याव्यात, असंही वाटलं.

ते हळू आवाजात म्हणाले, “बाय, रागं भरू नको. येक इचारू? तो डरेस… तूच आनलावतास ना? का मीच कुठनं आनला?”

मला आधी वाटलं, हाही टोमणाच. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. रोज घरचे-दारचे सांगत होते की तुम्हाला आठवत नाही, आणि म्हाताऱ्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. त्यांना आठवत होतं ते खरं की खोटं, हे सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं. ते माणूस त्यांच्या खाटेपाशी उभं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. माईक नव्हता. सुभेदार नव्हते. कुणी मला काहीही करणार नव्हतं. आप्पांनी बाहेर सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं — ती सोय मीच करून ठेवली होती.

मग काय आडवं आलं? मी अनेकदा स्वतःला विचारलंय. उत्तर शोधायला गेले की त्यातून सबब निघते, म्हणून आता शोधत नाही.

मी म्हटलं, “तुम्हीच आणला होता, आप्पा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली — एखाद्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगावं आणि रोग्याने ते मान्य करावं, तशी. “बरं,” म्हणाले. “मंग तसंच आसंल.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

लाइट आली. लूम पुन्हा सुरू झाले. मी बाहेर पडले, आणि पुढच्या घरी पत्रिका दिली.

त्यानंतर आप्पा कुणाला फौजेचं काही सांगत नसत. नातवाने खेचरांची गोष्ट मागितली तर म्हणायचे, ते माझं काही खरं नाही. असं वहिनींनीच मला सांगितलं, डोळे पुसत. पुढच्या वर्षी आप्पा गेले. अंत्यविधीला मी होते. कुणीतरी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी बोलले. काय बोलले ते इथे सांगत नाही.

आज मंडळाची अध्यक्ष मी आहे. माजी सैनिकांच्या सत्काराला आम्ही दरवर्षी हॉल घेतो. रंजना वहिनी कधी कधी येऊन मागच्या खुर्चीवर बसतात, आणि शेजारणीला आप्पांबद्दल सांगतात — स्वभावाने फार चांगले होते, पण शेवटी शेवटी त्यांना काही म्हणजे काही आठवायचं नाही. मी जवळच असते. त्या माझ्याकडे बघतात, मी हो म्हणावं म्हणून. आणि मी मान हलवते.

वहिनी, तुमच्या सासऱ्यांना सगळं आठवत होतं. मलाही.