वडिलांची छाती आणि सुनेचा पाय

आमच्या गावाला पाणी होतं, पण ते तोंडात धरवत नव्हतं. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारा पट्टा. विहिरीचं पाणी गुरं पीत, तीही नाक फेंदारून. त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. गोडं पाणी मिळे ते नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यांचं, आणि नदी गावापासून चांगली लांब. पाटलांच्या घरी ते पाणी भरायचं काम माझ्या वडिलांकडे. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना घागरी, आणि नदीचा तो खडा चढ. पाटलांचे रांजण भरले की उरल्या जिवात आमच्या घरासाठी एक खेप. ती फक्त पिण्यापुरती. आंघोळ, धुणं, भांडी सगळं खाऱ्यात. शाळेत माझा सदरा नेहमी कडक असे. मास्तरांना वाटायचं खळ केली आहे; ते मीठ होतं.

माय लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाई. जेवणात ज्वारीच्या कण्या आणि आंबाडीची भाजी, आणि दुसऱ्या दिवशी आंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या. पावसाळ्यात घर गळायला लागलं की आम्ही घरातल्या घरात कोपरे बदलत राहायचो.

अशा घरातून मी बी.ए. झालो. हे मी आडून सांगत नाही, सरळ सांगतो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. अमरावतीला बोर्डिंगात राहिलो, तिथे पंगतीत वाढप केलं, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून अभ्यास केला. निकाल नागपूरहून लागला. आमच्या घरात तोवर कोणाला सही येत नव्हती, आणि गावातही माझ्याआधी कोणी बी.ए. नव्हता. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं, आणि खामगावच्या एका हायस्कुलात मास्तराची जागाही मिळाली. शाळा उघडली की रुजू व्हायचं होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांच्या छातीत दुखायला लागलं.

फार नाही, बारीक. डाव्या बाजूला, कोणी बोटानं दाबून धरावं तसं. यायचं, थोडा वेळ राहायचं, जायचं, पुन्हा यायचं. जेवण चालू होतं, झोप चालू होती, चिलीम तर जोरात चालू होती.

आमच्या शेजारी एक पिंजारी राहायचे, वडिलांचे लहानपणापासूनचे दोस्त. मी त्यांना चाचा म्हणायचो. बैलगाडीत धनुकली टाकून गावोगाव गाद्या पिंजत हिंडायचे आणि आमच्या ओट्यावर येऊन लोकांची चेष्टा करायचे. वडिलांचं दुखणं त्यांनी ऐकलं आणि निदान करून टाकलं.

"अबे भाऊ, तुह्या छातीत काई झालं नाई. पोरगा बी.ए. झाला ना, थो अडकला हाय तिथं. उतरन हळूहळू."

सगळे हसले. वडीलही हसले, पण मला दिसलं की त्यांना ते निदान फार आवडलं. निकाल लागल्यापासून ते छाती काढून चालत होतेच. आता तिच्यात दुखणंही आलं, म्हणजे तिच्याकडे लोकांचं लक्ष गेलं. कोणी बसायला आलं की ते सदऱ्यात हात घालून दाखवायचे, "अशी इथून कळ निंगते, न् इथं येऊन बसते." मग थोडं थांबून, "पोराचा निकाल लागला तवापासून."

मायनं नजर काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळून ठसका आला नाही तर नजर लागलेली असते, असा आमच्याकडचा हिशेब.

"आला काय वं ठसका?" वडिलांनी ओट्यावरून विचारलं.

"नाई आला."

"पाह्य!" वडील चाचाकडे वळले. "साऱ्या गावची नजर हाय. लहान नजर नाई थे."

गावात इतर कोणाला एवढी मोठी नजर लागली नव्हती. असं दुखणं माणूस सहजासहजी बरं होऊ देत नाही.

मीही हसत होतो. मग एका सकाळी मी नदीवर गेलो होतो. पाटलांचं काम वडिलांनी सोडलं होतं, पण घरची खेप ते कोणाला आणू देत नसत. चढ चढताना त्यांनी मध्येच कावड खाली ठेवली. बाभळीला हात टेकून उभे राहिले. थोड्या वेळानं उचलली, आणि वर येईपर्यंत पुन्हा एकदा ठेवली. माझ्या आठवणीत त्या माणसानं भरली कावड वाटेत कधी खाली ठेवलेली नव्हती. मी त्यांना दिसलो नाही, आणि मीही हाक मारली नाही. पण माझं हसणं तिथंच संपलं.

संध्याकाळी मी विषय काढला. "बाबा, आपण जळगावच्या दवाखान्यात जाऊ." आमच्याकडे नुसतं जळगाव म्हटलं की जळगाव जामोद.

"काऊन?"

"छातीसाठी."

"छातीले काय झालं? दुखून राह्यली फक्त."

मी समजावलं. छातीत हृदय असतं, डाव्या बाजूचं दुखणं अंगावर काढू नये, असं पुष्कळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुले बी.ए.त छाती शिकोली काय?"

"नाही."

"मंग काय शिकोलं?"

"इतिहास. इंग्रजी. अर्थशास्त्र."

"बरं. मायं अर्थशास्त्र दुखन, तवा तुले इचारीन."

चाचा ओट्यावर लोळायचे बाकी राहिले. मी चिडलो. मग वडील जरा नरमले आणि म्हणाले, "अबे, डाक्टर म्हणीन वायू हाय. मंग? सारं गाव हासन. न् दुसरंच काई म्हणला तं..." ते थांबले.

"तर काय?"

"तं काई नाई. चिलीम भर."

तेव्हा मला उमगलं. दवाखान्यात दोनच उत्तरं मिळणार होती. एकानं अब्रू जाणार होती आणि दुसऱ्याचं त्यांना भय वाटत होतं. न गेलं तर दोन्ही टळत होतं. कावड मात्र खाली ठेवावी लागत होती, पण ती कोणी पाहत नाही असा त्यांचा समज होता.

मायनंही त्या दिवशी लावून धरलं, तेव्हा वडिलांनी सर्वांसमोर जाहीर केलं, "घरात जो इलाज निंगन थो करीन. काढा दे, बिब्बा लाव, इळा तापवून डाग दे. कोणताई घरचा इलाज! पण दवाखान्याचं नाव काढू नका. चाचा साक्षीले हाय."

"हाव," चाचा म्हणाले. "कोणताई. म्या आयकलं."

मग इलाज सुरू झाले. ओव्याचा काढा झाला. एरंडाची पानं गरम करून बांधली. बिब्बा लावला, त्याचा फोड आला आणि दुखण्याच्या शेजारी दुसरं दुखणं बसलं. मूळचं जागचं हललं नाही. माझे रुजू व्हायचे दिवस जवळ येत होते. त्यांना असं सोडून जायचं कसं, याचा मला घोर लागला होता.

शेवटी मायनं ठरवलं की ही उसण आहे. छातीत उसण भरली की आमच्याकडे तिच्यावर एकच हुकमी उपाय, पायाळू माणूस. जो जन्मताना पायांकडून आला तो पायाळू. त्यानं दुखत्या जागेला पाय लावला की उसण जाते, असं सगळे मानत. गावात एक पायाळू म्हातारी होती. तिच्या लाथेला मोठा मान होता, खुद्द पाटलांनी ती खाल्लेली होती. पण म्हातारी गेल्या हिवाळ्यात वारली.

"आता पायाळू कुठून आणाव?" वडील समाधानानं म्हणाले.

"काऊन? आपल्या घरातच हाय की," माय म्हणाली.

"कोन?"

"सूनबाई. लग्नात तिच्या मायनं सांगतलं होतं, पोरगी पायाळू हाय, इजा चमकतानी बाहीर धाडू नका."

वडिलांची चिलीम तोंडाजवळ तशीच राहिली.

आमच्या घरात सून सासऱ्यासमोर येत नसे. वडील दारात खोकले की ती आत जायची. त्यांना पाणी हवं असेल तर गडवा उंबऱ्यावर ठेवलेला सापडायचा. लग्नाला महिना उलटून गेला होता, आणि वडिलांनी सुनेचा फक्त पदर पाहिला होता, आवाज ऐकलेला नव्हता. आणि आता तिचा पाय!

"येडी झाली काय तू? सुनंची लाथ सासऱ्याले?"

"लाथ कुठची? पाय लावाचा नुसता. मंग थे तुमच्या पाया पडन, फिटलं पाप."

"पाय लावला का लाथ मारली, गाव लाथच म्हणन!"

"मी तं म्हणणारच हाय," चाचा म्हणाले. "या अल्ला, भाऊ, आज म्या घरी जात नाई. इथंच बाजेवर बसून पाह्यतो."

"तुमीच म्हणले, घरचा कोणताई इलाज," माय हटली नाही. ती चेष्टा करत नव्हती, तिला खरोखर गुण हवा होता. "साक्षीले हायेत हे."

"हाव. कोणताई म्हणला होता," चाचांनी साक्ष दिली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर मी नजर, उतारा, पायाळू या सगळ्यांवर तोंडसुख घेत आलो होतो. त्यांना वाटलं, हा बी.ए. आता कामाला येईल. "तू सांग बे इले. तू तं म्हणते ना, हे सारं खोटं हाय?"

"करून पाह्यल्याशिवाय खोटं कसं म्हणाव बाबा?" मी म्हणालो. "कॉलेजात हे मात्र आमाले शिकोलं."

एवढ्यात दाराआड बांगड्या वाजल्या. मग आतून आवाज आला, हळू पण स्वच्छ.

"मामाजी, म्या पाय धुवून ठेवले हायेत."

सासऱ्याच्या कानावर पडलेलं ते तिचं पहिलं वाक्य. वडील ताडकन उठले. डोक्याला फडकं बांधलं, पायात वहाणा घातल्या.

"चाचा, तुही गाडी जुंप."

"कुठं जाऊन राह्यला भाऊ?"

"जळगावले. दवाखान्यात. ऊठ लवकर!"

मी पाण्याची घागर भरून घ्यायला आत गेलो तेव्हा बायकोला विचारलं, खरंच पाय लावला असतास का. ती म्हणाली, "तं काय? लाज लागली असती, पण लावला असता. मामाजी चढावर कावड खाली ठेवतात, थे सरपणाले गेली का मले बी दिसते."

गाडीत वडील बैलांकडे पाहत बसले. मग एकदम म्हणाले, "काई निंगालं, तं तू खामगावले जाशीन का नाई?"

"जाईन."

"माया पायी घरी बसून राह्यशीन."

"नाही राहणार. जाईन."

"चाचा साक्षीले हाय," ते म्हणाले, आणि मग जरा मोकळे बसले.

दवाखान्यातले डॉक्टर वयस्क, चष्मेवाले. त्यांनी काय होतं ते विचारलं. वडिलांनी सुरुवातच केली, "साहेब, नजरेचं दुखणं हाय. पोरगा बी.ए. झाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या वर्गात?"

"तिसऱ्या," मी म्हणालो.

"मग एवढं दुखायला नको," ते म्हणाले, आणि वडिलांना सदरा काढायला लावला.

त्यानंतर त्यांनी थट्टा केली नाही. छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. बिब्ब्याचा फोड पाहून मान हलवली. काम काय करता, चढावर दुखतं का, थांबल्यावर कमी होतं का, असं विचारलं. वडील एकेक खरं सांगू लागले. कावड खाली ठेवावी लागते, हेही त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न पाहता.

"वायू नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "हृदय थकलंय. मधूनच एखादा ठोका चुकतंय. वेळेवर आलात हे बरं केलंत. कावड आजपासून बंद, चिलीमही बंद. औषध देतो, आणि दर महिन्याला येऊन दाखवायचं." बाहेर येताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच अंगावर काढलं असतं तर कदाचित एखाद्या दिवशी त्या चढावरच बसले असते.

चाचा गाडीपाशी वाट पाहत होते. "काय निंगालं? बी.ए.च का?"

"नाई," वडील म्हणाले. "कलिजा निंगाला." औषधाची बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "वायू नाई म्हणला डाक्टर. ध्यानात ठेव, गावात सांगतानी."

खामगावला रुजू होईपर्यंत घरचं पाणी मी भरलं. बी.ए. माणूस कावड घेऊन चाललाय हे पाहायला लोक ओट्यांवर येऊन बसत. खांद्याची सालटं निघाली. पुढे पहिल्या सुट्टीत मी माय-वडिलांना आणि बायकोला खामगावला घेऊन आलो.

चिलीम सुटायला वेळ लागला, पण सुटली. खामगावच्या दवाखान्यात वडील दर महिन्याला आपणहून जात, धुतलेला सदरा घालून, मी आठवण करून द्यायची वाट न पाहता. ते दुखणं घेऊन ते पुष्कळ वर्षं जगले. माझी थोरली मुलगी मॅट्रिक झालेली त्यांनी पाहिली. आमच्या घरात त्यांच्याआधी कोणीही डॉक्टरसमोर गेलेलं नव्हतं; ते पहिले. त्यांच्यानंतर आमच्या घरातलं कोणतंही दुखणं दवाखान्यात दाखवल्याशिवाय राहिलं नाही.