वात ज्यानं पेटवली

पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात आमचं सेक्शन जिंतूरबाहेर माळावर तंबू ठोकून होतं. टाकून दिलेला दारूगोळा गोळा करायचा, खड्ड्यात रचायचा, उडवायचा. मी लान्स नायक, सेक्शन माझ्या ताब्यात. पालमकडच्या आमच्याच गावचा शिरपती माझ्या हाताखाली शिपाई. भरतीला त्याला मीच नेलं होतं.

कडक नियम एकच. मिसफायर झाला तर अर्धा तास थांबायचं, आणि ज्यानं वात पेटवली त्यानंच बघायला जायचं.

त्या दिवशी वात मी पेटवली. स्फोट झाला नाही. दुपारी मेजरसाहेबांची जीप यायची होती. काम अर्धवट दिसलं तर माझी बढती हुकणार. दहा मिनिटंही झाली नसतील. आडोशाला आम्ही दोघंच.

"शिरपती, बघून ये."

"वात तुमी लावलीय, दादा."

"हुकूम आहे."

"बरं. मंग आज तुमची रम माझी."

हसत गेला. खड्ड्यावर वाकला, आणि दारूगोळा उडाला.

चौकशीत मी म्हणालो, "न विचारता गेला, सर." तेच कागदावर आलं, तेच गावात पोचलं. मला बढती मिळाली.

फौज सोडून गावात मास्तर झालो. शाळेच्या विहिरीतला गाळ काढायचा तर आधी मी उतरतो. पटकीच्या साथीत घरोघर मीच फिरलो. लोक म्हणतात, फौजेनं मास्तरला पुढं व्हायला शिकवलं. शिकवलं खरं. कसं, ते कुणी विचारलं नाही.

पोरानं घाई केली की गावातल्या आया म्हणतात, "शिरपती होऊ नको." वर्षानुवर्षं ऐकलं, गप्प बसलो.

शेवटी त्याच्या आईला, गिरजाकाकूला, सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

"म्हंजे लेकरू तुजं ऐकून गेलं?"

"हो."

"आन् मी त्यालाच बोल लावीत आले." हात थांबले नव्हते. "मला एकटीला कामून सांगायलास? चावडीवर सांग."

चावडीवर सांगितलं. मग पाटील म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. तुमी गावासाठी लय केलंय." बाकीच्यांनी माना हलवल्या. गिरजाकाकू पदर सावरून उठली आणि निघून गेली.

मला सगळ्यांनी माफ केलं. शिरपतीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. म्हणून इथं लिहितो. शिपाई शिरपती हुकूम पाळताना गेला. हुकूम माझा होता.