राक्षसमामांची मुद्दामची चूक

राक्षसमामा चित्र दाखवायचे तेव्हा अर्ध्या कागदावर उपरणं टाकलेलं असायचं. उरलेलं अर्धं बघायचं म्हटलं, की उपरणं सरकायचं आणि आधी पाहिलेला भाग झाकला जायचा. पूर्ण चित्र एका नजरेत कुणालाच दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. जाफराबादेत आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे फलक, बियाण्यांच्या जाहिराती, दुकानांची उद्घाटनं, असलं सगळं आमच्याकडे छापून जातं, आणि गिऱ्हाईक आपला फोटो मोठा कर, अजून मोठा कर म्हणत कॉम्प्युटरवर ओणवं होतं. दुकानात येऊन आपली वस्तू लपवणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं.

मामा धावड्याचे. घरची मेंढरं त्यांच्या वडिलांच्या काळातच सुटली होती, भाऊ शेती बघत होते. मामांनी मात्र सगळं आयुष्य जत्रांमध्ये काढलं. आकाशपाळण्याच्या शेजारी भूतबंगला असतो, आरसेमहाल असतो, त्याच्या दारावर एखादा आ वासलेला राक्षस असतो. ते सगळं मामा आधी कागदावर काढायचे आणि मग प्लायवूड, बांबू आणि कापडात उभं करायचे. या दर्शनी भागाला ते ‘तोंड’ म्हणत. ‘‘आत काय ऱ्हातं? अंधार अन् एक पंखा. लोकं तोंड बघून तिकीट काढतात,’’ असं ते सांगायचे. तोंडांपैकी राक्षसाचं त्यांना जास्त जमे, म्हणून राक्षसमामा.

मी तेव्हा संभाजीनगरहून अॅनिमेशनचा कोर्स करून घरी परतले होते आणि पप्पांच्या दुकानात बसत होते. जालन्याच्या इंग्लिश शाळेत शिकलेली, त्यात मुळात कमी बोलणारी. गावातले लोक माझ्या न बोलण्याला गर्व समजायचे. मामांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. पहिल्याच दिवशी ते पप्पांना माझ्यासमोर म्हणाले, ‘‘भाऊ, ही पोरगी बोलत न्हाई. म्हंजे ध्यान ठिवून राह्यली. हिला दुसरीकडं बशीव.’’

पप्पा हसले. ‘‘मामा, मशीनवर तीच बसते. तुम्हीच दुसरीकडं बसा.’’

मामा बसले नाहीत. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. चित्र स्कॅन झालं, रंग भरले, कापडावर छापून झालं, तरी हलले नाहीत.

‘‘आता फाईल पूस.’’

मी पुसली.

‘‘डब्ब्यातून?’’ डबा म्हणजे रिसायकल बिन. तोही रिकामा केला. मग त्यांनी माझा मोबाइल उलटा ठेवायला लावला आणि छताच्या कोपऱ्यातला कॅमेरा कुणीकडे बघतो ते विचारलं. पप्पांनी चहा मागवला तर त्यांना वाटलं, चहाच्या निमित्तानं आपल्याला कॉम्प्युटरच्या पडद्यापासून दूर नेतात. चहा त्यांनी उभ्यानंच, पडद्याकडे बघत घेतला.

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय यायचा. एवढं काय लपवतात? चित्रं त्यांचीच आहेत का, की कुठून उचललेली? एकदा आरसेमहालाचं तोंड आलं. दारावर दोन पहारेकरी, मिशा, भाले, सगळं झोकात. रंग भरताना माझ्या लक्षात आलं की एका पहारेकऱ्याचे दोन्ही हात डावे आहेत. मला वाटलं, सापडलं! यांना हातसुद्धा काढता येत नाही. पण मोठ्यानं बोलण्याचा माझा स्वभाव नाही. पप्पा फोनवर होते तेव्हा मी हळूच त्या हातावर बोट ठेवलं.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग दाराकडे बघितलं. ‘‘दिसलं तुला?’’

‘‘हो.’’

‘‘आजपोतर कुणाला दिसलं न्हाई. कुणाला बोलू नको.’’

प्रत्येक चित्रात ते एक चूक मुद्दाम ठेवायचे. तरुणपणी एका पाळणेवाल्यानं त्यांचं चित्र ‘बघायला’ म्हणून ठेवून घेतलं आणि तसंच तोंड दुसऱ्याकडून करून घेतलं होतं. मामांनी तक्रार केली तर तो म्हणाला, राक्षस काय तुझ्या एकट्याचा आहे? तेव्हापासून ही रीत. कागदावर आणि दाखवायच्या कापडावर चूक, स्वतः बांधताना ती दुरुस्त. ‘‘चोरून बांधणारा चुकीसगट बांधतो. त्याला डावा-उजवा बघायला टाइम कुठं?’’ हे सांगताना ते पहिल्यांदा माझ्यासमोर हसले. पण त्या हसण्यातही मी कुणाला सांगते की काय, हे बघणं होतंच. पुढची तीन-चार चित्रं नुसती माझी परीक्षा घ्यायला आली असावीत. जोकरचा बूट उलटा, नागाच्या फण्याची सावली भलत्या बाजूला. मी दरवेळी चूक शोधायची आणि गप्प राहायची.

त्यानंतर कधीतरी उपरणं खांद्यावर गेलं. मामा माझ्या टेबलावर पूर्ण कागद पसरू लागले. त्यांनी मला शिकवलं असं म्हणता येणार नाही, कारण शिकवलं तर मी त्यांचं काम घेईन अशी धास्ती होती. पण चित्र तपासताना ते भिंतीला लावायचे आणि दुकानाच्या फरशीवर गुडघ्यांवर बसून वर बघायचे. ‘‘बापाच्या उंचीवरून नको बघू. तिकीट बाप काढतो, पण हट्ट कोण करतं?’’ मीही शेजारी गुडघे टेकायची. एकदा एका गिऱ्हाइकानं आत येऊन विचारलं, ‘‘काय हरवलं का?’’ मामा म्हणाले, ‘‘हां, सुई,’’ आणि तो माणूस बाहेर जाईपर्यंत आम्ही दोघं खरंच सुई शोधत राहिलो.

मग पार्कचं निघालं. आबा नावाचे एक मोठे बागायतदार आमच्याच जिल्ह्यात रस्त्याकडेला मुलांसाठी पार्क काढत होते. घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, आणि मधोमध बसलेला एक प्रचंड राक्षस. मुलांनी तोंडातून आत जायचं आणि पाठीतून घसरत बाहेर यायचं. हा राक्षस सिमेंटचा होणार होता. मामांना त्यांनी चित्र काढायला सांगितलं.

मामांचं प्रत्येक काम जत्रा उठली की मोडलं जायचं. खिळे काढायचे, प्लायवूड ट्रकवर, कापड गुंडाळून. उभं राहिलेलं एकही काम त्यांच्याकडे दाखवायला नव्हतं. ‘‘एक तरी असं पाहिजे की जत्रा गेली अन् ते जागेवरच हाय,’’ असं ते म्हणाले, आणि लगेच, ‘‘हे आबाला कळू देऊ नको, न्हाईतर भाव पाडंल.’’ तो सगळा हिवाळा ते त्या राक्षसावरच काम करत होते. राक्षसाला चिडलेला काढायचा की नुकताच झोपेतून उठलेला, यावर आमचं भांडणसुद्धा झालं. मी चिडलेला म्हणत होते. ते म्हणाले, ‘‘चिडलेल्याच्या तोंडात पोरगं कशाला जाईल? जांभई देणाऱ्याच्या जाईल.’’ राक्षस जांभई देणारा झाला. त्यातही एक मुद्दामची चूक होती आणि ती मला दिसली. कोणती, ते मात्र मी इथे लिहिणार नाही.

मी रंग भरले, मोठं कापड छापलं, फाईल पुसली, डबा रिकामा केला. आबांच्या माणसाचा फोन आला की चित्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, पार्टनरला दाखवायचाय. मामा म्हणाले, ‘‘पार्टनरला डोळे हायेत ना? मंग येऊन बघावं.’’ ते स्वतः कापडाची गुंडाळी घेऊन आबांच्या ऑफिसात गेले, उलगडलं, दाखवलं, गुंडाळलं आणि परत आणलं. आबा म्हणाले, छान आहे, कळवतो.

कळवलं नाही. पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास मामा दुकानात आले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि एका जीपवाल्यानं पाठवलेला फोटो माझ्यासमोर धरला. पार्कचं गेट, आत आमचा राक्षस, सिमेंटचा, जांभई देणारा. चुकीसकट.

‘‘कापड माझ्या घरी हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘फाईल तुझ्यापाशी होती.’’

‘‘मी पुसली होती, मामा. तुमच्यासमोर.’’

‘‘माझ्यासमोर एक पुसली.’’

पप्पाच मध्ये पडले. ‘‘मामा, पोरीवर आळ घेऊ राह्यले? दहा वेळा उभे राहून बघता तुम्ही! आमच्या दुकानाची बदनामी करता?’’ मामा निघून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पप्पा फार मोठ्यानं बोलले होते. एरवी ते असं बोलत नाहीत. आणि पार्कचे सगळे बोर्ड, दरपत्रकापासून गेटच्या कमानीपर्यंत, आमच्याच दुकानात छापले गेले होते. मामांकडून मी एवढं तर घेतलं होतं, की मी आता माझ्या बापाकडेही तशीच बघायला लागले. जेवताना पार्कचा विषय निघाला की ते भाजी वाढून घ्यायचे. मला आठवलं, माझ्या कॉम्प्युटरवरची फाईल मी पुसली, पण छपाईच्या मशीनला वेगळा कॉम्प्युटर जोडलेला असतो. छापायला गेलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत त्याच्यात पडून राहते. ती पुसायचं मामांना माहीत नव्हतं. मला सुचलं नव्हतं. पप्पांना माहीत होतं.

मी विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. ‘‘आबांनी स्वतः फोन केल्ता. नुसतं बघायला मागितलं. एवढ्या मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणू? अन् चित्रच तर पाठवलं, त्याच्यात काय एवढं?’’ त्यांना खरोखरच त्यात काही वाटत नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

मी एकटीच धावड्याला गेले. मामा ओसरीवर होते. मला बघून उठले नाहीत. ‘‘कोणी धाडलं? आबानं का तुझ्या बापानं?’’

‘‘कुणी नाही.’’ मग मी सगळं सांगितलं. मशीन, दुसरा कॉम्प्युटर, फोन, पप्पा. घरातल्या माणसाबद्दल बाहेर सांगायची मला सवय नाही, त्यामुळे मध्ये मध्ये थांबत होते.

मामांनी सगळं ऐकलं, एकदा पुन्हा सांगायला लावलं, कुठे फरक पडतो का बघितलं असावं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. ‘‘म्हंजे गेलं दुकानातूनच. संशय बराबर होता. फक्त माणूस चुकला.’’ ही माझी माफी होती की त्यांचं समाधान, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी आत आवाज दिला आणि माझ्यासाठी चहा आला.

‘‘आता तुम्ही सिद्ध करू शकता,’’ मी म्हणाले. ‘‘चूक दाखवा. आबांना कबूल करावंच लागेल की चित्र तुमचं आहे. गेटवर नाव लावायला सांगू.’’

‘‘अन् मंग?’’

‘‘मग दुरुस्तीला तुम्हालाच बोलावतील.’’

‘‘पहिल्यांदा बोलावलं का?’’ मामा म्हणाले. ‘‘लोकं रील काढतील, हसतील, आबा लाजंल, अन् दुसऱ्याच दिवशी ती चूक तोडाया कोणीतरी घण घेऊन येईल. आपलं तोंड गप ठेव.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘पोरं दारात थांबतात का, का पळतच आत शिरतात?’’ मला माहीत नव्हतं. मी आत गेले नव्हते.

म्हणून आम्ही गेलो. तिकीट काढून, रांगेत उभं राहून. आमच्यापुढे एक लहान मुलगी होती. ती राक्षसाच्या जबड्यापाशी थांबली, वर बघितलं, मागे वळून आईकडे बघितलं आणि मग आत गेली. मामांनी माझ्या हाताला कोपर मारलं. मग ते राक्षसाच्या गुडघ्यापाशी गेले आणि बोटांच्या पेरांनी ठोकून सिमेंट किती जाड आहे ते ऐकू लागले.

‘‘ओ आजोबा! हात लावू नका,’’ वॉचमन ओरडला. ‘‘तुमच्या घरचा हाय का?’’

‘‘न्हाई न्हाई,’’ मामा म्हणाले. ‘‘बघून राह्यलो.’’

मला ते सहन झालं नाही. आयुष्यात फार कमी वेळा मी अनोळखी माणसाला उलट बोलले आहे. ‘‘त्यांचाच आहे,’’ मी म्हणाले. वॉचमन हसला. मामा मात्र माझ्यावर उखडले. मनगट धरून मला गेटबाहेर आणलं. ‘‘कशाला बोलली? आता तो वर सांगंल. बघाया लागतील.’’ बस येईपर्यंत ते मान वळवून वळवून बघत होते. मला वाटलं, राक्षसाकडे बघतात. ते वॉचमन फोन लावतो का, हे बघत होते.

त्यानंतर मामा दुकानात आले नाहीत. पप्पांनी दोनदा निरोप धाडला. माझ्याकडे मात्र ते अधूनमधून फोनवर राक्षसाच्या चौकशा करायचे. उभा हाय का? रंग उडला का? कोणी जवळून फोटो काढत होतं का? कोण होतं? पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

तेराव्याला आबा आले होते. मांडवात सगळ्यांनी उठून जागा दिली. पप्पांनी त्यांना माझी ओळख करून दिली, की हीच आमची मुलगी, डिझाइनचं शिकलेली. आबा म्हणाले, ‘‘मामांनी एकदा मलाही चित्र दाखवल्तं. चांगला कलाकार माणूस होता.’’ मी त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते बघत होते. काही नव्हतं. पत्रावळीवर दुसऱ्यांदा वाढलेली बुंदी ते हातानं नको म्हणत होते.

‘‘बरं झालं भेटलीस,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्या राक्षसाला पुढच्या महिन्यात नवा रंग देऊन राह्यलोय. मिस्त्री येणारच हाये. मला सारखं वाटतं बघ, त्या राक्षसात कायतरी गडबड हाय, पण काय ते ध्यानात येत न्हाई. तू शिकलेली पोरगी. एकदा बघून सांग, काही तोडून नीट करायचं असंल तर आत्ताच करू. खर्चाचं टेन्शन न्हाई.’’

पप्पा माझ्याकडे बघत होते.

‘‘मी बघितलाय, आबा,’’ मी म्हणाले. ‘‘सगळं बराबर आहे.’’